नऊ एकांचा वर्ग आणि डहाणूचे कापरेकर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातील एका शालेय प्रदर्शनात नुकतीच १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या ठळक रंगवून लावली होती आणि तिच्याखाली ‘गणितातील चमत्कार’ एवढेच लिहिले होते. ती १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग आहे, हे सांगायचे राहून गेले आणि तो असाच का येतो, हे कोणीच विचारले नाही, याची मला फार खंत वाटली.

घरी आल्यावर अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या घेऊन नातीपुढे मी तो गुणाकार मांडला. गुणायचे एकाने, त्यामुळे प्रत्येक ओळीत नऊच सुपाऱ्या, आणि गुणाकाराच्या रीतीप्रमाणे पुढची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. नऊ ओळी झाल्यावर उभ्या रांगा सतरा भरल्या. उजवीकडून मोजत गेले, तर त्यांत एक, दोन, तीन असे वाढत मधल्या रांगेत नऊ सुपाऱ्या येतात आणि तेथून पुन्हा एकेक कमी होत जाते. कोणत्याच रांगेत नवाहून अधिक सुपाऱ्या नसल्याने हातचा घ्यावा लागत नाही. म्हणूनच ही संख्या उलटसुलट सारखीच वाचली जाते. दहा एकांचा वर्ग करताना मात्र मधल्या रांगेत दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होऊन तो डौल मोडतो. हे नातीने स्वतः मोजून पाहिले.

अंगणातल्या सुपाऱ्या एकूण ८१, म्हणून या संख्येच्या अंकांची बेरीजही ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, तेव्हा तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद’ हे गोड नाव दिले. हिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच; पूर्ण वर्ग असल्याने विभाजक मात्र विषम, म्हणजे ४५ आहेत. एकं, दहं, शतं अशा स्थानांच्या भास्कराचार्यांनी दिलेल्या संज्ञांप्रमाणे तिचा डावीकडचा पहिला अंक ‘मध्य’ या सतराव्या स्थानी येतो, हेही मला फार आवडते.

कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूला जन्मले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या स्थिरांकामुळे (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले, की शेवटी हीच संख्या येते) त्यांचे नाव जगभर गेले. पण प्रस्तुत संख्या ज्या कुळातली आहे, त्या ‘डेम्लो’ संख्याही त्यांच्याच. ते नाव त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ठेवले, कारण ही कल्पना त्यांना तिथे सुचली होती.

आपल्या बालपुरवणीत येत्या १७ जानेवारीला ही संख्या तिच्या नऊ ओळींच्या मांडणीसह छापावी, आणि मधल्या रांगा मुलांना भरायला रिकाम्या ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक, गुहागर (जि. रत्नागिरी)