खांदा दुखत असताना व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा माझा उजवा हात ६० अंशांपर्यंत बिनतक्रार वर जात असे, तिथून १२० अंशांपर्यंत कळ येई आणि त्यापुढे तो पुन्हा मोकळा होई. रात्री त्या कुशीवर वळलो की हमखास जाग येत असे. त्याआधी मला व्यायाम पूर्ण बंद ठेवायला सांगण्यात आले होते. आठ आठवडे मी तो निमूटपणे बंद ठेवला, आणि पुन्हा पहिल्या दहा पुशअप्स मारताच दुखणे जिथल्या तिथे हजर झाले.

एमआरआयच्या अहवालातील ‘पार्शल टेअर’ (अर्धवट चीर) या दोन शब्दांनी मी धास्तावलो होतो. खांदा कधीच न दुखलेल्या अनेकांच्या, विशेषतः वय वाढलेल्यांच्या, एमआरआयमध्येही अशा चिरा सापडतात हे आपण समजावलेत, तेव्हाच निम्मी भीती गेली. स्नायू हाडाला जोडणारी कंडरा, म्हणजे आपण जिला टेंडन म्हणता ती, सावकाश सुधारते, आणि तिच्यावरचा भार पूर्णपणे काढून घेतला तर भार पेलण्याची तिची क्षमताच घटते, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते.

पहिले दोन आठवडे आपण मला भिंतीला मूठ टेकवून हात न हलवता ४५ सेकंद जोर लावायला लावलात, असे पाच वेळा. खरे सांगायचे तर मला तो व्यायामच वाटला नव्हता. मग रबरी पट्टा आला: कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये गुंडाळलेला टॉवेल, आणि हाताचा पुढचा भाग हळूहळू बाहेर नेणे. मी घाई करून खांदा उचलला की टॉवेल घसरून जमिनीवर पडायचा, आणि आपण काही न बोलता तो उचलून पुन्हा जागेवर ठेवायचात.

बाकीचा व्यायाम आपण थांबवला नाहीत, फक्त त्याची मांडणी बदललीत. बाकावर झोपून वजन वर ढकलण्याच्या बेंच प्रेसऐवजी जमिनीवर झोपून डंबेल प्रेस, कारण कोपर जमिनीला टेकते आणि खांदा फार मागे ताणला जात नाही. स्क्वॉटसाठी बार मानेमागे धरताना खांदा दुखतो हे पाहून डंबेल छातीशी धरायला दिलेत. हात सरळ बाजूला न उचलता जरा पुढच्या दिशेने उचलायला सांगितलेत. दहापैकी तीनपर्यंत दुखले तरी चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीइतके खाली आले पाहिजे, या आपल्या नियमामुळे मी वहीत रोज सकाळचा आकडा लिहू लागलो.

सातव्या आठवड्यात बरे वाटले म्हणून मी सलग दोन दिवस पुलअप्स काढले आणि तो आकडा सहावर गेला. आपण रागवाल अशी माझी खात्री होती. फोनवर आपण एवढेच विचारलेत, ‘किती वाढवले होते?’ आणि मला शून्यावर न नेता फक्त एक पायरी मागे आणलेत. त्या फोनसाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे, कारण त्या दिवशी मी सगळेच सोडून देण्याच्या बेतात होतो.

आज सोळावा आठवडा आहे. डोक्यावरचा प्रेस जुन्या वजनाच्या निम्म्यावर सुरू केला असून आज सकाळचा आकडा एक आहे. पुढच्या भेटीला वही घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण