गाडीला बसतात असे सांगून न बसणारे व्हील स्टड पाठवल्याबद्दल व परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
सुटे भाग ऑनलाइन विक्री विभाग

विषय : व्हील स्टडच्या संचाची रक्कम परत मिळणे आणि या वस्तूची संकेतस्थळावरील माहिती दुरुस्त होणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी माझ्या हॅचबॅक गाडीच्या मागच्या चाकासाठी चार व्हील स्टड (चाक ज्यांवर नटांनी आवळले जाते ते आटे असलेले दांडे) आणि त्यांचे नट असा संच मागवला होता. गाडीचे मॉडेल व उत्पादनवर्ष निवडल्यावर हा संच ‘आपल्या गाडीला बसतो’ असे आपल्या पानावर स्पष्ट दिसले आणि त्या भरवशावरच मी पैसे भरले. आलेले स्टड मात्र हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या, भोकात जागच्या जागी फिरतात. संच परत घ्यावा अशी विनंती केल्यावर ‘भाग बसवून पाहिलेला आहे’ आणि ‘काम अधिकृत मेकॅनिककडून करून घेतलेले नाही’ अशी दोन कारणे देऊन आपल्या ग्राहक सेवा विभागाने ती फेटाळली. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत.

मूळ स्टड खराब झाले त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. एका पंक्चरच्या दुकानात इम्पॅक्ट गनने (नट आवळण्याच्या यंत्राने) नट तिरके चढवल्यामुळे मागील डाव्या चाकाच्या चारपैकी दोन स्टडचे आटे गेले होते, आणि त्या दुकानदाराशी माझे जे बोलणे व्हायचे ते झाले आहे. चार स्टडवर उभ्या असलेल्या चाकाचे दोन स्टड निकामी असताना गाडी समृद्धी महामार्गावर नेणे, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे, हा वेडेपणा ठरला असता. म्हणून नवे स्टड येईपर्यंत गाडी घरीच उभी होती.

काम घरी केले याचा आपल्या उत्तरात दोषासारखा उल्लेख असल्यामुळे ते कसे केले हे सांगणे भाग आहे. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी दहानंतर उघड्यावरच्या पान्याला हात लावणे कठीण होते, म्हणून उजाडताच काम सुरू केले. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, नट जमिनीवरच सैल केले, गाडी उचलून जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवली, हँडब्रेक सोडला आणि मग चाक व ब्रेक ड्रम काढला. जुने स्टड हातोड्याने ठोकून काढण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु प्रत्येक ठोक्याचा मार व्हील बेअरिंगवर जातो. त्यामुळे मी बॉल जॉइंटच्या पुलरने दाब देऊन ते बाहेर काढले. हब फिरवून ब्रेक शूंच्या मधली मोकळी जागा साधली की स्टड मागून काढता-घालता येतो.

नवा स्टड भोकात घालताच शंका आली. स्टडच्या डोक्याखाली जो दातेरी भाग असतो तो हबच्या भोकापेक्षा किंचित जाड असावा लागतो, आणि त्याचे दाते भोकाच्या कडेत रुतल्यामुळेच नट आवळताना स्टड जागेवर थांबतो. योग्य स्टड हाताने शेवटपर्यंत जातच नाही. पुढून जाड वॉशर लावून, त्यावर नट उलटा म्हणजे सपाट बाजू वॉशरकडे ठेवून, पान्याने हळूहळू खेचून तो बसवावा लागतो. आपला स्टड बोटाने ढकलला आणि डोके थेट हबच्या पाठीला टेकले. तरीही वॉशर लावून नट आवळून पाहिला, तेव्हा नटाबरोबर स्टडही फिरू लागला. दुसऱ्या स्टडची तीच गत झाली. उरलेले दोन स्टड मी पाकिटाबाहेरही काढलेले नाहीत.

हिंगणा एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका परिचितांकडून जुने आणि नवे स्टड व्हर्नियरने मोजून घेतले. दोन्हींचे आटे एम १२ × १.५ (व्यास १२ मिलिमीटर, दोन आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर) असेच आहेत. आपल्या पानावर हेच एक माप दिलेले आहे आणि ते खरे आहे. परंतु दातेरी भागाचा व्यास जुन्या स्टडमध्ये १२.९ मिलिमीटर, तर आपल्या स्टडमध्ये १२.३ मिलिमीटर भरला. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असलेला हा फरक कोणत्याही कारागिराच्या कौशल्याने भरून निघणारा नाही. आटे फक्त नटाशी जुळावे लागतात, स्टड मात्र हबशी जुळावा लागतो, आणि हबशी जुळण्याचे हेच माप आपल्या माहितीत कुठेही नाही. असे असताना ‘आपल्या गाडीला बसतो’ हे विधान आपण कशाच्या आधारावर केले, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

सैल स्टडचा धोका एवढ्यावर संपत नाही. दाते अर्धवट धरले तर नट आवळल्यासारखा वाटतो आणि चाक लागते. पुढे प्रवासात टायर बदलायची वेळ आली की पाना लावताच नटासह स्टड फिरू लागतो आणि नट कापल्याशिवाय चाक निघत नाही. एखाद्या ग्राहकाने ही गोष्ट लक्षात न येता गाडी रस्त्यावर काढली, तर त्याची जबाबदारी आपण कोणावर टाकणार आहात? याशिवाय आपल्या पानावर स्टड मजबुतीच्या १०.९ या श्रेणीचे असल्याचे लिहिले आहे, पण मी पाहिलेल्या दोन्ही स्टडच्या डोक्यावर ती खूण नाही. त्यावरून धातू कमी दर्जाचा आहे असा आरोप मी करत नाही. श्रेणी कशावरून ठरवली याचा पुरावा मात्र मला हवा आहे.

आता आपल्या दोन कारणांविषयी. स्टड हबमध्ये घालून पाहिल्याशिवाय तो बसत नाही हे ग्राहकाला कळण्याचा दुसरा मार्ग आपण ठेवलेला नाही, कारण माप दिले असते तर मी जुना स्टड मोजूनच खरेदी केली असती. अधिकृत मेकॅनिकचा मुद्दा तर याहून कच्चा आहे. नंतर मी गाडीच्या कंपनीच्या नागपुरातील अधिकृत विक्री खिडकीवरून मूळ स्टड आणले आणि घरीच, त्याच पुलरने, वॉशरने आणि पान्याने बसवले. ते पहिल्या फेऱ्यापासून जोर मागत आत गेले आणि डोके हबला घट्ट टेकले. चाक लावून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) टॉर्क रेंचने पक्के केले आणि सुमारे ८० किलोमीटर गाडी चालवून पुन्हा तपासले. एकही नट ढिला झालेला नव्हता. काम करणारा तोच आणि रीतही तीच असताना फक्त भाग बदलल्यावर काम नीट होते, तेव्हा दोष कशात होता हे वेगळे सांगायला नको.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांशी न जुळणारा माल परत घेण्यास अथवा त्याची रक्कम परत देण्यास आपण नकार देऊ शकत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे हेही त्याच नियमांनुसार आपल्यावर बंधनकारक आहे. ‘बसवून पाहिलेला भाग परत घेतला जात नाही’ ही आपली अंतर्गत अट या नियमांच्या वर असू शकत नाही.

तरी संचाची पूर्ण किंमत व घरपोच पाठवणीचे शुल्क मी ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जमा करावे आणि चारही स्टड व नट आपल्या खर्चाने घेऊन जावेत. या वस्तूच्या पानावर दातेरी भागाचा व्यास, डोक्याखालची लांबी आणि आट्यांचे माप अशी तिन्ही मापे द्यावीत, आणि तोवर माझ्या मॉडेलसमोरचे ‘बसतो’ हे विधान काढून टाकावे. याच मॉडेलसाठी हा संच घेतलेल्या इतर ग्राहकांना आपण लेखी कळवावे, ही मागणी मला स्वतःच्या रकमेइतकीच महत्त्वाची वाटते. गाडी उभी राहिल्याबद्दल किंवा मनस्तापाबद्दल मी या पत्रात भरपाई मागितलेली नाही.

मुदतीत समाधानकारक लेखी उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येत असल्यामुळे त्यासाठी मला आपल्या शहरात येण्याची गरज नाही. त्या वेळी आज न मागितलेली भरपाईही मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.

कळावे,

आपला ग्राहक,
नागपूर

सोबत : बिलाची प्रत; ‘आपल्या गाडीला बसतो’ हे विधान दिसणाऱ्या पानाचे छायाचित्र; जुन्या व नव्या स्टडच्या व्हर्नियरवरील मापांची छायाचित्रे; मूळ स्टडच्या खरेदीची पावती; आपल्या ग्राहक सेवा विभागाचे नकाराचे उत्तर.