नहरींच्या खुणा शोधायच्या आहेत, मदत हवी!

नमस्कार,

आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) घरी पाहुणे आले की पाणचक्कीची फेरी ठरलेली. उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी, त्याच्या जोरावर फिरणारं जातं, जुना वड, फोटो, झालं! हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, म्हणून ते ऐन मे महिन्यातही गार असतं, हे आपण पाहुण्यांना सांगतो का? आणि हे पाणी येतं कुठून?

येतं डोंगरातल्या झऱ्यावरून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, म्हणजे नहरीतून. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्यांसाठी त्यावर पीठ दळलं जायचं. त्याच्या कितीतरी आधी, 1610 मध्ये खडकीला, म्हणजे आपल्याच शहराला, राजधानी करणाऱ्या मलिक अंबरने शहरासाठी नहर बांधली. मोट नाही, पंप नाही, नुसता उतार. आणि कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत मनोरे. बीबी का मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला आणि हंसपतराय ही रचनाकारांची नावं आहेत. नहर खोदणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

आज नहरींच्या वाटेवर घरं आहेत, बोअर आहेत, काही ठिकाणी सांडपाणीही. उन्हाळ्यात पाणचक्कीची धार रोडावते, आणि आपण जायकवाडीच्या पाण्याची वाट बघत बसतो.

हे सावरता येतं. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात जुन्या विहिरी उपसून, पाट नव्याने बसवून 2003 मध्ये चारबागेत, म्हणजे पाटांनी चार भाग केलेल्या बागेत, पुन्हा पाणी खेळवलं. दर 40 मीटरला जेमतेम 1 सेंटिमीटर उतार! तिथे मोठा न्यास पाठीशी होता. आमची तर मोहल्ल्यातल्या रहिवाशांची समिती. म्हणून सुरुवात नकाशापासून.

तुमच्या अंगणात, गल्लीत, शेतात जुना मनोरा किंवा दगडी झाकण असेल तर कळवा. कुणाची जागा जाणार नाही, आम्ही फक्त नोंद करणार. संबंधित खात्यांच्या परवानगीशिवाय एकही दगड हलणार नाही. आजी-आजोबांना आठवत असेल तर तेही हवं, मराठीत, उर्दूत, दखनीत, कसंही. सर्वेक्षण, नकाशाची छपाई आणि माहितीफलक यांसाठी निधी लागेल. पन्नास रुपयेही चालतील, पावती मिळेल आणि हिशेब दर महिन्याला मोहल्ल्याच्या फलकावर लागेल. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी मोजमापाला यावं. लेव्हल मशीन (उतार मोजायचं यंत्र) कुणी चार दिवस वापरायला दिलं तर भाड्याचा मोठा खर्च वाचेल.

थंडीत रविवारी सकाळी बीबी का मकबऱ्याची चारबाग ते पाणचक्की अशी पायी फेरी काढतो आहोत. मुलांना घेऊन या, पायात बूट घाला, आणि प्लास्टिकची बाटली घरीच ठेवा.