तुटलेली कड

धाराशिव

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली छायाचित्रे दोन दिवस पुन्हा पुन्हा पाहिली. स्वतःच्या मनगटांचे, मानेचे आणि पावलांचे साचे घेऊन ओतलेले प्लास्टरचे तुकडे तू पांढऱ्या टेबलावर मांडले आहेस. लहानपणी विळीने कापलेल्या अंगठ्याचा वणसुद्धा त्यात उमटलेला पाहून मला भरून आले. मात्र मनगट जिथे संपते तिथली कड तू पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली आहेस, आणि माझे सारे म्हणणे त्या कडेविषयीच आहे.

ज्या चित्रकार रुम्माना हुसेन यांच्याविषयी तू इतक्या ओढीने लिहितेस, त्यांनी डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर चित्राची चौकट सोडली आणि फुटलेली मडकी, आरसे, गेरू, नीळ अशा साध्या वस्तू हाती घेतल्या. १९९५ साली मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात, पायांत घुंगरू बांधून, हातात अर्धी चिरलेली पपई धरून आणि किंकाळी फोडावी तसे तोंड उघडून, पण आवाज न करता, त्या चालत राहिल्या. पुढे १९९९ साली कर्करोगाने त्या गेल्या. त्यांच्या फुटक्या मडक्यांचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही, कारण आपल्याकडे चितेभोवती छिद्र पाडलेले मडके घेऊन फिरतात आणि शेवटी ते फोडतात. त्यांचे मडके कशाने फुटले हे त्यांना ठाऊक होते, असे मला ते काम पाहताना वाटते. तुझे मनगट कशाने तुटले आहे, ताई?

तेरच्या लामतुरे संग्रहालयात तू सहावीत असताना आपण गेलो होतो. सातवाहनकाळातील मातीच्या स्त्रीमूर्तींपैकी कुणाला डोके नाही, कुणाला हात नाहीत. दोन साच्यांत माती दाबून त्या पोकळ घडवलेल्या असल्यामुळे तुटलेल्या कडेतून आतली बाजू दिसते. एका धडाच्या आत घडवणाऱ्याच्या बोटांचे खळगे मी काचेला नाक लावून पाहिले होते. मूर्ती अखंड असती तर ते बोट मला कधीच दिसले नसते. ज्या गोरोबाकाकांनी आपले हात तोडून घेतल्याची कथा आपण कीर्तनात ऐकत आलो, त्यांच्याच गावी ही मूर्ती आहे, हे मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत चित्रकला शिकवत होते आणि पुढचे काही आठवडे आम्ही शिक्षिका पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना सांभाळायला जात होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद अंगावर येऊन माणसे झोपेतच गेली होती. तिथल्या एका बाईंचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला होता. ढिगाऱ्यातून त्यांनी जात्याची फक्त वरची तळी आणवली होती. खालची सापडलीच नाही. रोज सकाळी त्या तळीजवळ बसून डाव्या हाताने खुंटा धरत, थोडा वेळ तसाच धरून ठेवत आणि मग उठून पाणी भरायला जात. त्या दगडाच्या कडेचा एक टवका उडालेला होता आणि तिथे आतला ताजा काळा बेसॉल्ट चमकत होता. मी वहीत त्यांचे चित्र काढायला घेतले, पण कोपराच्या खाली पेन्सिल नेण्याचे धैर्य मला झाले नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

म्हणून लिहिते की प्रदर्शनासाठी घाई करू नकोस. एक मनगट तरी न घासता, साच्यातून जसे निघेल तसे ठेव. दिवाळीला आलीस की आपण दोघी पुन्हा तेरला जाऊ, आणि येताना ते मनगट कापडात नीट गुंडाळून आण. मला त्याची कड हातात घेऊन पाहायची आहे.

तुझी,
आई