लोहाची गोळी चहासोबत नको

महोदय,

सातव्या महिन्यात माझ्या धाकट्या सुनेचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गोळ्या तर रोज चालू होत्या! मग लक्षात आलं, ती लाल गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होती आणि त्यावर लगेच कॅल्शियमची. या दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. दवाखान्यात तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाकीट हातात दिलं, कार्डावर खूण केली, झालं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे हिमोग्लोबिन ११च्या खाली. सरकार ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी किमान १८० दिवस फुकट देतं. पण मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून घाबरून कितीतरी जणी ती मध्येच सोडतात. काळं होणारच, ते लोहामुळे. त्याला भिऊ नये.

आपण इंदूरकर पोह्यांवर लिंबू पिळतोच. तेच लिंबू पाण्यात पिळून त्यासोबत गोळी घ्यावी, चहा तासा-दोन तासांनी आणि कॅल्शियम वेगळ्या जेवणानंतर. सुनेने एवढंच बदललं, महिन्याभरात ९.६ झालं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथे तास न् तास रांगेत बसलेल्यांना एवढं समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतील. आरोग्य खात्याने ती द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक सासू, इंदूर