इंजिन आणता, तशी टाकीही आणा

महोदय,

टेंभुर्णीत गेली ३१ वर्षे मी पाणीपंप, फवारणीपंप आणि उजनी धरणाच्या पाण्यात चालणाऱ्या होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी एकच तक्रार घेऊन लोक येतात: 'इंजिन चालू होत नाही.' त्यातली निम्मी इंजिने बिघडलेलीच नसतात, हे मला आपल्या वृत्तपत्रातून मच्छीमार बांधवांना सांगायचे आहे.

मागच्या वैशाखात करमाळा तालुक्यातला एक पोरगा मोटारसायकलच्या कॅरियरवर पोत्यात गुंडाळलेले इंजिन बांधून आला. दोरी ओढून ओढून त्याच्या तळहाताला फोड आले होते. आदल्या संध्याकाळी जाळी टाकायला गेला, पाऊण तास इंजिन छान चालले आणि भर पाण्यात बंद पडले ते पडलेच. वारा सुटलेला, होडीत एकच वल्हे. काठाला लागायला त्याला मध्यरात्र झाली. 'मिस्त्री, कॉइल जळाली म्हणत्यात. साडेचार हजार सांगितल्यात,' म्हणाला. मी इंजिन पाण्याच्या पिंपात उभे केले, माझ्या टाकीची नळी जोडली, चोक ओढला. दुसऱ्या हिसक्याला चालू! पोरगा बघतच राहिला.

'तुझी टाकी कुठंय?' विचारले, तर 'होडीतच हाय.'

दुसऱ्या दिवशी टाकी आली. नळीवर हाताने दाबायचा जो रबरी फुगा असतो, तो चिंबलेल्या लिंबासारखा आत ओढला जाऊन चपटा झाला होता. झाकणावरचा हवेचा स्क्रू गच्च आवळलेला. गाडीवरून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून त्यानेच आवळला होता आणि पाण्यावर गेल्यावर सैल करायचा राहिला होता. टाकीत हवा शिरत नसेल तर इंजिन थोडा वेळ पेट्रोल ओढते आणि मग उपाशी मरते. स्क्रू दोन आटे सैल केला तसा फुस्स आवाज झाला आणि फुगा डोळ्यांदेखत भरून आला. त्या पोराचे साडेचार हजार वाचले, पण ती रात्र वाचली नाही.

म्हणून सांगतो, इंजिन चालू झाले नाही की आधी हात हवेच्या स्क्रूकडे जाऊ द्या. मग फुगा घट्ट होईपर्यंत दाबा. घट्ट होतच नसेल तर नळी कुठेतरी हवा घेते आहे, किंवा जोडणी नीट बसलेली नाही. किल स्विचची, म्हणजे इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची, लाल दोरी जागेवर आहे का पाहा, ती क्लिप निसटली असेल तर दिवसभर ओढलेत तरी ठिणगी पडणार नाही. गिअर न्यूट्रलला हवा. एवढे करूनही चालत नसेल तर ठिणगी पाडणारा प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलाचिंब असेल तर चोक जास्त झाला आहे किंवा ठिणगी पडत नाही. प्लग पुसून, चोक बंद करून, थ्रॉटल उघडून पुन्हा ओढा. मात्र उघड्या प्लगची ठिणगी होडीत, पेट्रोलच्या टाकीशेजारी कधीही तपासू नका. ते काम काठावर, टाकी लांब ठेवून करायचे. आणि काठावर इंजिन कोरडे चालवू नका, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या त्याच्या पंपाचे रबरी पाते लगेच जळते. पिंपात बुडवूनच चालवा.

दुसरे कारण पेट्रोलचे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांना त्याने हात दिला, उसाला दिला, मला त्याचे वाईट वाटत नाही. पण इथेनॉल पाणी शोषते आणि होडीची टाकी चोवीस तास पाण्याच्या वाफेत असते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलला घेऊन खाली बसते, आणि इंजिनाची नळी ओढते ती तळातूनच. टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि त्या थरात ते जवळजवळ नसते, म्हणजे इंजिन चालू झाले तरी आतून घासले जाते. शंका आली तर टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवा. मध्ये रेघ दिसली तर ते पेट्रोल टाकीत परत ओतू नका. महिनाभर होडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

२१ मे २०२४ ला कुगाव-कळाशीच्या पाण्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जीव गेले. ती वादळाने उलटली, इंजिनाला मी दोष देत नाही. पण तेव्हापासून वळवाचा वारा सुटला की बंद इंजिनाची कुठलीही होडी डोळ्यांसमोर येते. इंजिन चालू असेल तर होडीचे तोंड लाटेकडे धरता येते. बंद होडी लाटेला आडवी होते.

मत्स्यव्यवसाय विभागाला आणि मच्छीमार सोसायट्यांना माझी विनंती आहे: पावसाळ्याआधी उजनीच्या प्रत्येक धक्क्यावर अर्धा दिवस प्रत्यक्ष हाताने शिकवणारे शिबिर घ्या. भाषण नको. पिंप, प्लगपाना आणि प्रत्येकाचे स्वतःचे इंजिन एवढेच पुरे. प्रवासी नेणाऱ्या होडीत दोन वल्ही, दोरीसह नांगर आणि माणसागणिक लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडी सोडू देऊ नका. असे शिबिर ठरले तर करमाळा, माढा किंवा इंदापूर, कुठल्याही काठाला मी पैसे न घेता येईन. येणाऱ्यांनी फक्त टाकी आणि नळी बरोबर आणावी.

– एक इंजिन मिस्त्री, टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर)