बँकॉकला पहिल्यांदा जाताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तिकीट झालं, हॉटेल ठरलं, आता शहराबद्दल लिहिते. बँकॉकमध्ये किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधू नकोस. संध्याकाळी पाच ते सात सुखुमवित रस्त्यावर टॅक्सी जागची हलत नाही, आणि त्याच रस्त्याच्या डोक्यावरून बीटीएसची, म्हणजे पुलावरच्या मेट्रोची, गाडी सरळ निघून जाते. तुझ्यासाठी रूळ आणि नदी हेच खरे रस्ते. टॅक्सी रात्री उशिरा, नाहीतर सामान जड असेल तेव्हाच.

निघण्याआधी थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म, भर. 1 मे 2025 पासून ते सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवर ते फुकट भरता येतं. जी साइट पैसे मागेल ती सरकारी नव्हे. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते दूतावासाकडूनच तपासून घे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशातले व्यवहारही सुरू करून ठेव.

सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडल्या पडल्या दिसणाऱ्या काउंटरवर पैसे बदलू नकोस. सगळ्यात खालच्या मजल्यावर, एअरपोर्ट रेल लिंकच्या दाराजवळ भाव बराच चांगला मिळतो. तिथूनच गाडी धर. फाया थाई स्टेशनपर्यंत 45 बाट, अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते, आणि तिथे बीटीएस मिळते. टॅक्सी करायचीच तर पहिल्या मजल्यावरच्या मशीनमधून चिठ्ठी घे आणि ती उतरेपर्यंत जपून ठेव, तिच्यावर गाडीची माहिती असते. मीटर 35 बाटपासून सुरू होतो, वर विमानतळाचे 50 आणि टोल. मीटर टाकायला नकार दिला तर बसूच नकोस.

नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे: वरची बीटीएस आणि जमिनीखालची एमआरटी या वेगळ्या कंपन्या, तिकिटंही वेगळी. एकातून दुसरीत जाताना बाहेर पडून पुन्हा पैसे भरावे लागतात, शिवाय स्टेशनांची नावंही जुळत नाहीत. बीटीएसचं असोक म्हणजे एमआरटीचं सुखुमवित, साला डेंग म्हणजे सी लोम. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड चालतं. बीटीएससाठी रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, घे.

पत्ता शोधताना सोईचा, म्हणजे गल्लीचा, नंबर बघ. सुखुमवितला विषम नंबर एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचे आकडे आपापल्या गतीने वाढतात. सोई 55 च्या समोर साधारण सोई 38 येते. म्हणून 56 शोधायला रस्ता ओलांडलास तर बरंच चालावं लागेल.

राजवाड्याला, म्हणजे ग्रँड पॅलेसला, नदीने जा. बीटीएसच्या साफान ताक्सिन स्टेशनला उतरलं की खालीच साथोर्न धक्का आहे. नारिंगी झेंड्याची बोट पकड, भाडं सुमारे 16 बाट. निळ्या झेंड्याची पर्यटकांसाठी असते, महाग पडते. ता चांगच्या, म्हणजे राजवाड्याजवळच्या धक्क्याच्या, आधीच दाराशी येऊन उभी राहा, बोट धक्क्याला क्षणभरच टेकते. सकाळी साडेआठला पोहोच, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात. तिकीट 500 बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बिनबाह्यांवर नुसती ओढणी घेतलेली चालत नाही. तुझा साधा सलवार-कमीज उत्तम. वाटेत कुणी नीटनेटका माणूस "आज राजवाडा बंद आहे" म्हणत स्वस्तात टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, करून देऊ लागला, तर न थांबता पुढे चाल. ती टुकटुक रत्नांच्या दुकानात जाते. आत पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती रामकियनची, म्हणजे तिथल्या रामायणाची, 178 भित्तिचित्रं आहेत. त्यांना निदान तासभर दे. पांढरा हनुमान तुला लगेच ओळखू येईल.

खाण्याचं मात्र नीट लक्षात ठेव. नुसतं "व्हेज" म्हटल्याने भागत नाही, कारण भाज्यांतही नाम प्ला, म्हणजे माशांचा खारट सॉस, पडतोच. "जे" म्हण, म्हणजे तिथलं कडक शाकाहारी. पिवळ्या पाटीवर 17 सारखं दिसणारं लाल अक्षर असेल तिथे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा, लसूण काही नसतं. सोम तामला, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला, खलात सुकी कोळंबी कुटतात, तेव्हा कुटायला घेण्याआधीच सांग. अगदी घरच्यासारखं हवं वाटलं तर एमआरटीच्या साम योत स्टेशनजवळ फाहुरात आहे, हिंदुस्थानी लोकांचा जुना बाजार. नळाचं पाणी पिऊ नकोस.

भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूही हातात द्यायची नाही. आपला दोन पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन जाड पिनांचा बसत नाही. पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबर फोनमध्ये घालून ठेव.

पोहोचलीस की मेसेज कर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं, म्हणजे तुझे साडेअकरा वाजले तरी इथे दहाच वाजलेले असतील. मी जागी असेन.

तुझी,
आई